राहुकाळाआधीचे दोन पॉइंट

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवर राममूर्ती राव टाइमकीपर होता. तिरुवैयारूची बस चार तेराला आत शिरली, तर वहीत चार तेराच पडायचे. ड्रायव्हरनं चार दहा लिही म्हणून गळ घातली, कॉफी मागवली, बायकामुलांची विचारपूस केली, तरी ती तीन मिनिटं जागची हलायची नाहीत. राममूर्ती कॉफी प्यायचा, विचारपुशीला मनापासून उत्तरं द्यायचा आणि चार तेरा लिहायचा. दुसऱ्या कुणाला लोकांनी असल्या वागण्यापायी खडूस ठरवलं असतं. राममूर्तीला ठरवलं नाही, कारण लिहिताना तो इतका दुःखी चेहरा करायचा की ड्रायव्हरलाच त्याची समजूत काढावी लागे.

पाळी संपली की तो सायकल मारत बास्केटबॉलच्या क्लबात जायचा. तिथंही काम तेच. कुणी किती बास्केट टाकल्या, कुणाचे किती फाउल झाले, हे टेबलामागं बसून स्कोअरशीटवर उतरवायचं. चोवीस वर्षं तो हे करत होता. स्वतः मात्र आयुष्यात एकदाही खेळला नव्हता. लहानपणी एकदा चेंडू चष्म्यावर बसला, तेव्हापासून चेंडू आणि आपण यांच्यामध्ये एक टेबल असलेलं बरं, असं त्याचं ठाम मत झालं होतं. पण राममूर्तीच्या शीटमध्ये चूक नसते, हे सगळा क्लब शपथेवर सांगायचा. या गोष्टीतला सगळा घोटाळा त्याच एका वाक्यात आहे, म्हणून ते लक्षात ठेवलेलं बरं.

राममूर्तीला एकच खोड होती. कुणी एखाद्या खेळाडूचे कप मोजू लागला की त्याला राहवत नसे. कप म्हणजे नशीब, असं तो म्हणायचा. संघात चार जण चांगले पडले, समोरच्याच्या पायात ऐन वेळी गोळा आला, रेफरीला शिंक आली, की कप मिळतो. त्यावरून माणूस थोर कसा ठरवायचा? मग तो खिशातून पेन्सिल काढायचा आणि एकेका कपातून नशीब वजा करायचा. हे वजाबाकीचं शास्त्र त्यानं स्वतःच काढलं होतं आणि त्यात तो कुणाला शिरू देत नसे.

या शास्त्राचा सगळा मारा एकाच माणसावर असे, तो म्हणजे प्रतापसिंह. प्रतापसिंह याच क्लबाचा जुना कॅप्टन. त्र्याहत्तर साली मद्रासच्या एका मोठ्या बँकेनं त्याला खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं आणि तिथल्या संघातून त्यानं पाच कप जिंकले. पाच कप जिंकणारा दुसरा माणूस तंजावूर जिल्ह्यात नव्हता. राममूर्तीच्या हिशेबी मात्र एकोणऐंशीच्या कपात समोरच्या संघाच्या उंच गड्याला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून अर्धा कप वजा. एक्याऐंशीला प्रतापसिंह सगळी मॅच बाकावर बसून होता आणि शेवटची चार मिनिटं टाळ्या वाजवायला उठला होता, म्हणून पाऊण वजा. असं करत करत पाच कपांचा सव्वा कप उरायचा, आणि तो सव्वाही आपण मोठ्या मनानं ठेवलाय, असा राममूर्तीचा आव असायचा.

आणि दुसऱ्या बाजूला तो शिवकुमारला बसवायचा. शिवकुमार म्हणजे बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथचा आणि झेरॉक्सच्या दुकानाचा मालक. सहा फूट दोन इंच उंच, आता पोट सुटलेला, उजव्या हाताच्या मधल्या बोटात शनीच्या नीलमाची अंगठी. तरुणपणी हा कोर्टावर उतरला की बायका गच्चीवरची वाळवणं सोडून बघायला यायच्या. पण त्याच्या नावावर एकही कप नव्हता. फायनल म्हटली की हा हरायचा. राममूर्ती म्हणायचा, तंजावूरनं असा खेळाडू पाहिला नाही आणि पाहणार नाही. त्याचं फक्त नशीब वाईट.

सत्त्याण्णव साली हा वाद राममूर्तीच्या घरातच शिरला. केबल आली होती, आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी हरिणी पहाटे उठून अमेरिकेतल्या मॅच बघत असे. तिकडं कपाऐवजी खेळाडूंना अंगठ्या देतात, हे तिनं घरी आणलेलं नवं ज्ञान. त्या जूनमध्ये शिकागोच्या संघानं पाचवी अंगठी मिळवली, तेव्हा राममूर्तीची बायको कनकलता हिनं एवढंच विचारलं की एका पुरुषाला पाच अंगठ्या, तर बायकोला काय? हरिणी स्वतः कॉलेजच्या संघात खेळायची. घरातली पिढीजात तंजावुरी मराठी सगळी समजायची, तोंड उघडलं की मात्र तमिळ निघायचं. "रिंग इल्लेन्ना लेजंड इल्लै, अप्पा," ती म्हणायची, म्हणजे अंगठी नाही त्याला थोर म्हणायचं कारण नाही. राममूर्ती पेन्सिल काढायचा. ती पेन्सिल हिसकावून घ्यायची.

आता लोकांना वाटायचं की राममूर्ती प्रतापसिंहावर जळतो. काहींना वाटायचं, तो शिवकुमारचा भक्त आहे. दोन्ही खोटं. खरं काय ते एकट्या राममूर्तीला ठाऊक होतं, आणि ते असं होतं.

क्लबाची पहिली जिल्हा फायनल त्र्याहत्तर साली एका रविवारी ठरली. दोन्ही संघ क्लबाचेच, एकीकडं प्रतापसिंहाचा, दुसरीकडं शिवकुमारचा. रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. मॅच दिव्यांच्या उजेडात सहानंतर होणार होती, पण सेक्रेटरी कृष्णाजी राव म्हणाले की शुभकार्य दिवेलागणीला सुरू करायचं नाही, सुरुवात राहुकाळाच्या आधीच झाली पाहिजे. त्यात नवल काही नव्हतं. प्रवासाचा मुहूर्त साधत नसला तर आदल्या चांगल्या वेळेला शेजारच्या घरी गाठोडं नेऊन ठेवायचं आणि निघालो असं समजायचं, ही प्रस्थान ठेवण्याची रीत तंजावूरच्या मराठी घराघरांत होती. तसंच मॅचचं प्रस्थान ठेवायचं ठरलं.

त्याप्रमाणं चार पंचवीसला दोन्ही संघ कोर्टावर उभे राहिले. शिवकुमारच्या संघातले तिघे तर पायांत चपला घालूनच आले. कृष्णाजींनी नारळ फोडला, रेफरीनं शिट्टी फुंकून चेंडू वर उडवला, आणि मुहूर्ताची बास्केट म्हणून प्रतापसिंहानं चेंडू टाकला. समोर अडवायला कुणी नसताना त्याच्या दोन बास्केट हुकल्या. तिसरी पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे कॉफी प्यायला गेले.

टेबलामागं एकवीस वर्षांचा राममूर्ती बसला होता, आयुष्यातली पहिली स्कोअरशीट पुढ्यात घेऊन. रेफरीनं शिट्टी फुंकली, चेंडू उडाला, बास्केट पडली. त्यानं दोन पॉइंट लिहिले आणि समासात बारीक अक्षरात वेळ टाकली, चार सत्तावीस. त्याच्या आईनं गाठोडं शेजारी ठेवलं की घरात कुणी प्रवास सुरू झाला नाही असं म्हणत नसे. मग मॅच सुरू झाली नाही, असं तो कसं म्हणणार होता?

सहा वाजता मॅच पुन्हा सुरू झाली. फळ्यावर खडूनं आकडे लिहायचं कामही त्याचंच, आणि तो ते आपल्याच शीटवरून लिहायचा, सवड मिळेल तसं. पहिल्या पाच मिनिटांत कोण आकडे मोजतंय? शेवटी प्रतापसिंहाचा संघ एकसष्ट, शिवकुमारचा साठ. त्या साठातले अडतीस एकट्या शिवकुमारचे. बँकेचा माणूस खेळाडू निवडायला आला होता. त्यानं जिंकलेल्या संघाच्या कॅप्टनला तिथल्या तिथं निवडलं आणि शिवकुमारला सांगितलं की जानेवारीत मद्रासला चाचणीला ये.

तिसऱ्या दिवशी क्लबात लावायची स्वच्छ प्रत उतरवताना राममूर्तीची नजर समासातल्या चार सत्तावीसवर पडली आणि त्यानं बेरीज पुन्हा केली. ते दोन पॉइंट काढले तर एकोणसाठ-साठ. म्हणजे शिवकुमार जिंकला होता. पण तोवर कप उघड्या जीपमधून गावभर मिरवून झाला होता, इतकी नीटनेटकी शीट आपण पाहिली नाही असं रेफरी म्हणाला होता, आणि कृष्णाजींनी राममूर्तीला कायमचा स्कोअरर नेमला होता. त्याला सांगायचं होतं. उद्या सांगू म्हणाला. त्या उद्याला चोवीस वर्षं झाली.

त्या वेळी त्यानं एवढंच केलं, की शिवकुमारकडं जाऊन त्याची समजूत घातली. तुझ्या खेळात काही कमी नाही, तुझं नशीब वाईट आहे, असं तो म्हणाला. नंतर वर्षानुवर्षं म्हणत राहिला. कपांची वजाबाकी तिथून निघाली होती. पाचही कपांतून तो जे वजा करायचा प्रयत्न करत होता, ते होते फक्त दोन पॉइंट.

तर सत्त्याण्णवमध्ये क्लबाला पंचवीस वर्षं झाली. कोर्टाला नवं सिमेंट झालं. रंगीत सरबतं बाटलीत भरून विकणाऱ्या एका कंपनीनं विजेवर आकडे दाखवणारा नवा स्कोअरबोर्ड द्यायचं कबूल केलं. बोर्डावर वरच्या ओळीत कंपनीचं नाव येणार होतं आणि खालच्या ओळीत कोर्टाचं. कोर्टाला क्लबाच्या सगळ्यात थोर खेळाडूचं नाव द्यायचं ठरलं. कृष्णाजी आता अध्यक्ष होते आणि प्रतापसिंह त्यांचा सख्खा भाचा. आपण नाव सुचवलं तर लोक बोलतील, म्हणून त्यांनी निकाल राममूर्तीवर सोपवला. इतक्या वर्षांच्या शीट त्याच्याकडं, आणि त्याच्या शीटमध्ये चूक नसते.

राममूर्तीची झोप उडाली. शिवकुमारचं नाव द्यायचं म्हटलं तर कारण विचारणार. नशीब म्हटलं तर हसणार. खरं सांगितलं तर शिवकुमारला त्याचं न्याय्य मिळेल, पण राममूर्तीजवळ अख्ख्या जन्मात मिळवलेली एकच गोष्ट होती, आणि ती जाईल. जमीन नाही, पदवी नाही, खेळ नाही. फक्त तो लिहितो ते खरं असतं, एवढीच त्याची पुंजी. ती गेली तर उद्या चार तेराची बस चार दहाला आली असं कुणीही सांगू शकेल.

त्यात प्रतापसिंह पेढे घेऊन घरी आला. गोरापान, केस काळे केलेला, चेन्नईत मॅनेजर झालेला. राममूर्तीला वाटलं, आता हा नाव मागणार. त्यानं तसं काही मागितलं नाही. कनकलतेच्या हातचं आंबट वरण दोनदा वाढून घेतलं, हरिणीला मनगट कसं वळवायचं ते दाखवलं, आणि जाताना राममूर्तीला दारात गाठून हळूच विचारलं की सव्वा कप कसे काय उरतात, ते एकदा समजावून सांगशील का? पंधरा वर्षं ऐकतोय, म्हणाला. राममूर्तीनं खिशातली पेन्सिल चाचपली आणि तशीच राहू दिली.

कमिटीला सगळ्या जुन्या शीटच्या झेरॉक्स हव्या होत्या. तंजावूरात झेरॉक्स म्हटलं की शिवकुमारचं दुकान. बसस्टँडवरून वीस पावलं. राममूर्ती त्र्याहत्तरची शीट वर्तमानपत्रात गुंडाळून पापनाशमच्या बसमध्ये बसला, तिथं झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या बसनं परत आला. येताना कंडक्टरनं विचारलं की एका कागदासाठी इतक्या लांब? राममूर्ती म्हणाला, तिथल्या मशीनची शाई चांगली असते. उतरला तर समोर शिवकुमार उभा. झेरॉक्सची गुंडाळी पाहून तो एवढंच म्हणाला की माझी मशीन कालच दुरुस्त झाली होती, सांगायचं नाही का?

समारंभ जुलैतल्या एका रविवारी, दुपारी चारला ठेवला होता. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. साडेचारच्या आत बोर्डावरचा पडदा उघडायचा होता. बोर्डाची खालची ओळ कोरी ठेवली होती आणि पेंटर ब्रश घेऊन शिडीजवळ उभा होता. पहिल्या रांगेत प्रतापसिंह रेशमी शर्ट घालून, शेवटच्या रांगेत शिवकुमार खांबाला टेकून. मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक नागलक्ष्मी बाईंनी स्वागत केलं आणि चार दहाला राममूर्तीला माइकसमोर बोलावलं.

राममूर्तीनं खिशातून कागद काढला, चष्मा पुसला आणि सगळं सांगून टाकलं. शिट्टी, नारळ, चपला, चार सत्तावीस, एकसष्ट-साठ. सांगताना तो एकदाही अडखळला नाही. बसच्या वेळा वाचाव्यात तसं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला की त्र्याहत्तरचा कप शिवकुमारचा आहे, आणि ती चूक माझी आहे. मग तो धपकन खुर्चीवर बसला. चोवीस वर्षांचं ओझं उतरलं, असं त्याला वाटलं.

ते दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही. कुणी खवळलं नाही, कुणी दुःखी झालं नाही. लोक हसले. मागून कुणी तरी ओरडलं की राममूर्तीनं सहावी वजाबाकी काढली रे. आता राहूलाही संघात घेतला, दुसरा म्हणाला. चोवीस वर्षं ज्यानं प्रत्येक कपाला खोट लावली, त्याच्या तोंडून खरी खोट निघाली तेव्हा ती कुणाला खरी वाटेना. राममूर्तीनं मूळ शीट फडकवली. ती हातोहात फिरली. चार सत्तावीस सगळ्यांनी वाचलं, आणि मग हसू थांबून खरा वाद पेटला.

कृष्णाजी उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बास्केट बरोबर आहे. राहुकाळाआधी केलेली सुरुवात हीच खरी सुरुवात. त्यांच्या नव्या घरात त्यांनी अशाच एका रविवारी चार वीसला दूध उतू घालवलं होतं आणि सामान रात्री आणलं होतं. ती सुरुवात खरी नसेल, तर आपण गेली अकरा वर्षं बिनमुहूर्ताच्या घरात राहतोय की काय? हे ऐकून त्यांच्या पत्नीचा चेहरा उतरला. नागलक्ष्मी बाई म्हणाल्या की त्यांच्या मुलीची बॅग अमेरिकेला जाण्याआधी शेजारी ठेवली होती. ते प्रस्थान मोजायचं नसेल तर पोरगी निघाली केव्हा? एकानं आपल्या दुकानाचा विषय काढला, एकानं स्कूटरचा. ज्यानं त्यानं मनातल्या मनात आपापले मुहूर्त तपासले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की हे दोन पॉइंट पुसले तर निम्म्या तंजावूरची शुभकार्यं पुसली जातील. हात वर करून मत घेतलं. बास्केट कायम झाली.

मग प्रतापसिंह उठला. आता हा आभार मानणार असं लोकांना वाटलं. तो माइकशी न जाता तिथूनच बोलला.

"त्या दिवशीं मीं तेरा पॉइंट केलों, असं मज वाटत होतं," तो म्हणाला. "शीटमध्यें पंधरा होते. मीं म्हटलों, राममूर्तीच्या शीटमध्यें चूक नसते, मींच मोजायला चुकलों असेन."

एवढं बोलून त्यानं आपल्या नावाला नकार दिला आणि खाली बसला. शिवकुमारचं नाव घ्यावं तर मत त्याच्या विरुद्ध पडलेलं. इतक्यात कृष्णाजींचं लक्ष घड्याळाकडं गेलं. साडेचार वाजायला आले होते. नाव ठरेना, आणि वेळ तर टळून चालणार नव्हती. शेवटी कृष्णाजींनी बोर्डावरचा पडदा घाईघाईनं वीतभर उचलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडदा परत सोडला. उद्घाटनाचं प्रस्थान झालं. राममूर्तीनं सवयीनं घड्याळात पाहिलं. चार सत्तावीस. खालची ओळ कोरीच राहिली, आणि खरं सांगायचं तर पुढंही कधी कुणी लिहिली नाही. कोर्टाला आज सगळे सरबताच्या कंपनीच्याच नावानं ओळखतात.

शेवटच्या रांगेतला खांब रिकामा होता. शिवकुमार मत घेण्याआधीच निघून गेला होता.

राममूर्ती त्याच्या दुकानात पोचला तेव्हा दोन्ही फोनवर माणसं बोलत होती आणि शिवकुमार मशीनच्या काचेवर कापड फिरवत होता. त्याचा चेहरा राममूर्तीनं इतक्या वर्षांत असा रागीट कधी पाहिला नव्हता. राममूर्तीनं हात जोडले. ते दोन पॉइंट तुझे होते, तो म्हणाला, मी ते चोरले.

शिवकुमार फोनवरची दोन्ही माणसं बाहेर जाईपर्यंत थांबला. मग त्यानं कापड खाली ठेवलं.

"दोन पॉइंटांचं सोड," तो म्हणाला. "शेवटच्या मिनिटांत मीं दोन फ्री थ्रो चुकवलों. ते कोण चोरलं? ते माझेच. ते मीं दर दिवशीं मोजतों." त्यानं बोटातली अंगठी अंगठ्यानं फिरवली. "पण तूं घरीं येऊन काय सांगटलास? तुझं नशीब वाईट म्हणून. तें आमची अम्मा ऐकली."

आणि मग राममूर्तीला कळलं, जे त्याला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कधी विचारलंही नव्हतं. शिवकुमारची आई गंगाबाई त्याच आठवड्यात पत्रिका घेऊन जोशांकडं गेली होती. राममूर्तीसारखा मोजून बोलणारा मुलगा म्हणतो नशीब वाईट, म्हणजे काहीतरी असणार. जोशी म्हणाला साडेसाती. साडेसात वर्षं नवं काही सुरू करू नका. नीलमाची अंगठी घाला, शनिवारी तिरुनल्लारच्या शनिमंदिरात तिळाच्या तेलाचा दिवा लावा. जानेवारीत एका शनिवारी मद्रासची चाचणी होती. शिवकुमार त्या शनिवारी तिरुनल्लारला गेला. साडेसाती संपली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याचा गुडघा कामातून गेला होता.

"हरलों म्हणून राहिलों नाहीं मीं इथें," शिवकुमार म्हणाला. "हरणं काय, दुसऱ्या दिवशीं परत खेळायचं. तूं मज दुर्दैवी केलास. आणि मग रोज कॉफीच्या दुकानांत बसून अस्क्या गावास, एकूणएक माणसास, सांगत राहिलास."

राममूर्तीला वाटत होतं, आपण चोवीस वर्षं याची बाजू घेत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवकुमारनं ते पाहिलं आणि त्याचा राग थोडा ओसरला, पण पुरता नाही. तो अंगठी काढू लागला. ती एकवीस वर्षांच्या सडपातळ बोटासाठी केलेली, निघेना. त्यानं मशीनच्या तेलाची बुधली घेतली, बोटाला तेल चोळलं, तोंड वाकडं केलं, शेवटी दात लावले. अंगठी निघाली. बोटावर तिच्या जागी एक पांढरा वळ उरला होता.

"साडेसात वर्षांसाठीं घातलों, चोवीस झालीं," असं म्हणत त्यानं राममूर्तीचा उजवा हात ओढला, पेन धरणारा, आणि मधल्या बोटात ती अंगठी दाबून बसवली. "घाल. हा शनि तुझाच होता, चुकून माझ्याकडं आला. उद्यापासून नशीब हा शब्द काढायचा तर आधीं या बोटाकडं बघ." आणि मग म्हणाला, "परवां हरिणीस घेऊन ये कोर्टावर. ती फ्री थ्रो टाकतांना गुडघा वाकवत नाहीं. मीं सांगेन तिला."

राममूर्ती घरी आला तेव्हा समारंभाची बातमी त्याच्या आधी पोचली होती. कनकलतेनं कॉफी पुढं केली. हरिणीचं लक्ष मात्र सरळ बापाच्या हाताकडं गेलं. कपांना नावं ठेवणारा, अंगठ्यांची टर उडवणारा हा माणूस, आणि बोटात चमकणारा निळा खडा.

"अप्पा, रिंग?" तिनं विचारलं. तिचा आवाज चेष्टेचा होता, पण पुढचा प्रश्न तिनं पहिल्यांदाच मराठीत विचारला. "कुठली चँपियनशिप?"

"त्र्याहत्तरची फायनल."

"कोण जिंकलं?"

राममूर्तीनं विचार केला. एकसष्ट-साठ म्हणावं की एकोणसाठ-साठ, हे आजवर त्याला ठरवता आलं नव्हतं. प्रतापसिंहाला कप मिळाला होता, पण तेरा की पंधरा या शंकेसकट. शिवकुमारला मिळाला होता शनी. त्या दिवशी जे मागायला गेला नव्हता ते घेऊन आला, असा एकच माणूस कोर्टावर होता. त्याला कायमची खुर्ची मिळाली होती आणि चूक न करणारा म्हणून नाव.

"मीं," राममूर्ती म्हणाला, आणि अंगठी निघते का ते पाहू लागला. पेन धरून धरून त्याच्या बोटाचं पेर जाड झालं होतं. ती निघेना.